अजिंक्य रहाणेच्या कराराला मुदतवाढ : कितपत योग्य?

जबलपूर : इंडियन प्रीमियर लीगच्या २०२६च्या हंगामासाठी कोलकाता नाइट रायडर्स संघाने अजिंक्य रहाणे याला कायम ठेवल्याने ज्येष्ठ खेळाडूंच्या करारांचा प्रश्न पुन्हा चर्चेत आला. ६ जून १९८८ रोजी जन्मलेला रहाणे आता चाळिशीकडे झुकला आहे. मर्यादित षटकांच्या खेळात या वयाच्या फलंदाजावर विश्वास टाकणे कितपत योग्य, हा या चर्चेचा गाभा होय.

नोव्हेंबर २०२४ मध्ये जेद्दा येथील लिलावात रहाणे याच्यासाठी प्रथम कोणीही बोली लावली नव्हती. अखेरीस कोलकात्याने त्याला १.५ कोटी रुपये या मूळ किमतीस घेतले व पुढे कर्णधारपदही सोपवले. त्याच लिलावात इंदूरच्या व्यंकटेश अय्यरसाठी संघाने २३.७५ कोटी रुपये मोजले होते. २०२५ च्या हंगामात रहाणेने १३ सामन्यांत ३९० धावा काढल्या. संघातर्फे त्या सर्वाधिक होत्या. व्यंकटेशच्या ११ सामन्यांत १४२ धावा झाल्या आणि हंगामानंतर त्याला मुक्त करण्यात आले.

मुदतवाढीच्या बाजूने आणखीही आधार आहेत. डिसेंबर २०२४ मध्ये सय्यद मुश्ताक अली स्पर्धेत रहाणेने ४६९ धावा करून स्पर्धेतील सर्वोत्तम खेळाडूचा मान मिळवला. बंगळूर येथील अंतिम सामन्यात मुंबईने मध्य प्रदेशलाच नमवले होते. त्याआधी मार्च २०२४ मध्ये त्याच्या नेतृत्वाखाली मुंबईने ४२ वे रणजी विजेतेपद पटकावले.

विरोधी बाजूही दुर्लक्षिण्याजोगी नाही. २०२४ मध्ये श्रेयस अय्यरच्या नेतृत्वाखाली विजेता ठरलेला कोलकाता संघ पुढच्याच वर्षी आठव्या स्थानी घसरला. कर्णधाराच्या धावा होऊनही संघ मागे पडला, याचे उत्तर नेतृत्वालाही द्यावे लागते. शिवाय रहाणेच्या खेळीत सातत्य नाही. चेन्नईकडून २०२३ मध्ये दर १०० चेंडूंमागे १७२ धावांच्या वेगाने खेळणारा हा फलंदाज २०२४ मध्ये १२३ पर्यंत खाली आला होता. वरच्या फळीतील त्याची जागा एखाद्या तरुणाला देता आली असती, हा आक्षेपही रास्त आहे.

तथापि, मुदतवाढीचे मोल किमतीवरून ठरते. कायम ठेवलेल्या खेळाडूला सर्वसाधारणपणे लिलावातीलच रक्कम मिळते. संघाच्या १२५ कोटी रुपयांच्या एकूण मर्यादेत १.५ कोटी म्हणजे जेमतेम १.२ टक्के. एवढ्या खर्चात संघातील सर्वाधिक धावा करणारा फलंदाज मिळत असेल, तर संघमालकांचा व्यवहार तोट्याचा म्हणता येत नाही.

भारतीय क्रिकेट नियामक मंडळाच्या वार्षिक करारांच्या यादीतून रहाणे मार्च २०२३ मध्ये वगळला गेला होता. त्यानंतर जूनमध्ये ओव्हलवरील जागतिक कसोटी अजिंक्यपदाच्या अंतिम सामन्यात त्याने ८९ आणि ४६ धावा केल्या. करार गेल्यावरही स्थान कमावता येते, हे त्यातून दिसले. पण जुलैमधील वेस्ट इंडिज दौऱ्यात अपयश आले आणि कसोटी संघाचे दार पुन्हा बंद झाले.

म्हणूनच फलंदाज म्हणून ही मुदतवाढ त्याने कमावलेली आहे, असे आकडे सांगतात. कर्णधार म्हणून मात्र आठव्या स्थानाचा हिशेब अद्याप चुकता व्हायचा आहे.