एकशेसाठ चौरस फुटांचे बिऱ्हाड

दिवाळी आली की मुंबईच्या चाळीचे वर्णन करण्याचा मोह मराठी लेखकाला आवरत नाही. आकाशकंदील, तळणीचा वास, शेजारी जाणारे फराळाचे ताट, हे सारे खरे आहे आणि गोडही आहे. पण सरकारने गरिबांसाठी म्हणून बांधलेल्या चाळींचा इतिहास निराळा आहे. ज्या मुंबईत डोक्यावर छप्पर मिळवण्यात माणसांचा जन्म जातो, त्याच मुंबईत हजारो सरकारी खोल्या एके काळी भाडेकऱ्याची वाट पाहत रिकाम्या पडल्या होत्या, हे सांगितले तर आजच्या वाचकाला खरे वाटणार नाही.

या गोष्टीचा आरंभ प्लेगात आहे. १८९६ साली मुंबईत प्लेग शिरला आणि माणसे शहर सोडून पळू लागली. कोंदट, अंधाऱ्या वस्त्यांत रोगाला घर मिळते हे सरकारच्या ध्यानी आले आणि १८९८ साली इंप्रुव्हमेंट ट्रस्ट स्थापन झाला. ट्रस्टने रस्ते रुंद केले, दाट वस्त्या पाडल्या, काही चाळीही उभारल्या. परळच्या अशाच एका ट्रस्टच्या चाळीत डॉ. आंबेडकरांनी कितीतरी वर्षे काढली. परंतु पाडणे जितक्या झपाट्याने झाले तितक्या झपाट्याने बांधणे झाले नाही. गिरण्या वाढत होत्या. कोकणातून आणि घाटावरून माणसे येत होती. एका खोलीत एकाच गावची दहाबारा माणसे पाळीपाळीने झोपत होती.

पहिले महायुद्ध संपले तेव्हा टंचाई असह्य झाली होती. गव्हर्नर सर जॉर्ज लॉइड यांनी १९२० साली एक स्वतंत्र खाते काढले. बाँबे डेव्हलपमेंट डिपार्टमेंट हे त्याचे नाव. लोकांच्या तोंडी ते 'बीडीडी' झाले. मनसुबा मोठा होता. कामगारांसाठी पन्नास हजार खोल्या बांधायच्या आणि त्यासाठी शहरात येणाऱ्या कापसाच्या दर गाठीमागे १ रुपया जकात घ्यायची. ज्या कापसावर गिरणी चालते, त्याच कापसाने गिरणीवाल्या मजुराचे घर बांधावे, ही कल्पना कागदावर तरी सुंदर होती.

प्रत्यक्षात उभ्या राहिल्या त्या २०७ चाळी: वरळीला १२१, नायगावला ४२, डिलाईल रोडला ३२ आणि शिवडीला १२. तळमजला धरून चार मजले. मजल्यावर मधोमध एक लांब बोळ आणि दोन्ही अंगांना दहा-दहा खोल्या. म्हणजे चाळीत ८० बिऱ्हाडे. खोली सुमारे १६० चौरस फुटांची. आत मोरी, शौचकूप मजल्यावर सामायिक, भिंती काँक्रीटच्या. हिशेब चोख होता. त्यात माणूस मात्र कोणी विचारात घेतला नव्हता.

म्हणून चाळी तयार झाल्या, तरी माणसे आली नाहीत. वरळी त्या वेळी शहराच्या कडेला होती. गिरणीचा भोंगा वाजण्याआधी पोहोचायचे, तर परळच्या दहा जणांच्या खोलीतला कोपराच बरा, असे मजुराला वाटे. भाडे एकट्याच्या पगाराला झेपत नसे. शिवाय परळच्या त्या कोपऱ्याला गावची माणसे होती, खानावळवाल्या बाई होत्या, वाण्याकडची उधारी होती. सरकारी खोलीला यांतले काहीच नव्हते. सरकारने भाडे उतरवले, तरी कित्येक खोल्या वर्षानुवर्षे ओस राहिल्या. पुढे कायदेभंगाच्या दिवसांत वरळीच्या काही चाळींचा सरकारने सत्याग्रह्यांसाठी तात्पुरता तुरुंग केला. मजुराचे घर म्हणून बांधलेली वास्तू कैद्यांनाही पुरेशी बंदिस्त वाटली, यावर अधिक टीका कशाला हवी?

पण काळ फिरला. १९२१ साली मुंबई बेटाची वस्ती पावणेबारा लाखांच्या आसपास होती. १९५१ साली ती तेवीस लाखांवर गेली. ज्या खोलीला भाडेकरू मिळत नव्हता, त्या खोलीसाठी आता पागडी मोजली जाऊ लागली. खोली तीच, भिंती त्याच, मोरी तीच. बदलली ती तिच्याभोवतीची मुंबई.

बदलली तीही मुंबईने दिलेल्या देणगीने नव्हे. त्या ओसाड बोळांत संसार थाटला तो राहणाऱ्यांनी. माळे घातले. दिवसपाळीचा भाऊ आणि रातपाळीचा भाऊ एकाच अंथरुणावर आळीपाळीने निजले. बोळाचे अंगण झाले. तिथे पापड वाळले, लग्नाच्या पंगती बसल्या, पोरांचे अभ्यास झाले. गावात ज्यांना वेशीबाहेर राहावे लागे, अशी कितीतरी दलित कुटुंबे या चाळींत राहायला आली. जात काही गावीच राहिली नाही, ती गाठोड्यातून बरोबर आली. १९७४ च्या जानेवारीत वरळीच्या चाळींनी दंगलीचा दाहही सोसला. चाळ म्हणजे नुसता जिव्हाळा, असे म्हणणारा तिथे राहिलेला नसतो.

या साऱ्या संसाराला आधार होता तो एका कागदाचा. भाडेपावती ट्रंकेच्या तळाशी, देवाच्या तसबिरीमागे जपली जाई. पावतीवर आजोबांचे नाव, खोलीत राहणार नातवंडे. किंवा पावतीवर एकाचे नाव आणि पागडी देऊन राहणारा दुसराच. १९८२ च्या संपानंतर गिरण्या बुडाल्या, पगार गेला, तरी ती पावती राहिली, आणि म्हणून घर राहिले. भावाभावांत बोलणे बंद झाले तेही बहुधा तिच्याचपायी.

२०१७ साली या चाळींच्या पुनर्विकासाचे भूमिपूजन झाले. काम म्हाडाकडे आले आणि १६० च्या जागी ५०० चौरस फुटांचे घर, तेही मालकीचे, असे ठरले. तेव्हा पात्र कोण नि अपात्र कोण याचा निकाल पुन्हा कागदांवरच आला. ऑगस्ट २०२५ मध्ये वरळीच्या ५५६ कुटुंबांना उंच इमारतींतल्या घरांच्या किल्ल्या मिळाल्या. शिवडीच्या चाळी मात्र केंद्र सरकारच्या, बंदराच्या जमिनीवर; तिथले गाडे मागे अडले.

स्वतःच्या घरात स्वतंत्र संडास असणे हे किती मोठे सुख आहे, ते पहाटे रांगेत बादली घेऊन उभ्या राहिलेल्या बाईला विचारावे. तेव्हा जुन्या बोळासाठी उसासे टाकण्याचा अधिकार आपल्याला नाही. पण शंभर वर्षांपूर्वीचा धडा विसरण्याचाही नाही. भाडे झेपत नाही म्हणून मजूर तेव्हा या खोल्यांकडे फिरकला नव्हता. चाळिसाव्या मजल्यावरच्या उद्वाहकाचा आणि देखभालीचा खर्च झेपला नाही, तर त्याची नातवंडे मिळालेले घर विकून वसई-विरारची वाट धरतील. घर किती फुटांचे, हे सरकार ठरवू शकते. त्यात राहणे परवडते की नाही, हे मात्र पूर्वीप्रमाणे याही वेळी राहणाऱ्यालाच आधी विचारायला हवे.