ताईंचं सरकार आणि १५ चा आकडा

गोव्यात मगो पक्षाचं सरकार १९७९ च्या एप्रिलमध्ये पडलं, ही गोष्ट आमच्या पिढीला पाठ आहे. ते का पडलं, हे मात्र आता घराघरात वेगवेगळं सांगितलं जातं. कुणी म्हणतं फितुरी, कुणी म्हणतं ताईंचा हट्ट. मला विचाराल तर आधी आकडे बघा.

१९७७ च्या निवडणुकीत ३० पैकी मगोचे १५, काँग्रेसचे १०, जनता पक्षाचे ३ आणि अपक्ष २. म्हणजे बरोबर अर्धे. बँकेच्या भाषेत सांगायचं तर खात्यात शिल्लक शून्य, आणि चेक रोजचे!

मगो हा खेड्यातला पक्ष. पेडणे, डिचोली, सत्तरी, फोंडा इथल्या कुळामुंडकारांनी सिंहावर शिक्का मारला तो काही उगाच नव्हे. भाऊसाहेब बांदोडकरांनी गावोगाव मराठी प्राथमिक शाळा काढल्या. १९७३ मध्ये ते गेल्यावर त्यांची कन्या शशिकलाताई काकोडकर मुख्यमंत्री झाल्या. १९७५ मध्ये मुंडकाराला घरातून हुसकावण्याविरुद्ध संरक्षण देणारा कायदा आला, आणि १९७६ मध्ये कूळ कायद्याची पाचवी दुरुस्ती. कसेल त्याची जमीन! भाटकार मंडळी कोर्टात गेली आणि काम अडकलं. कागदावर जमीन मिळाली, पण कूळ वाटच बघत राहिलं. माझ्या मते ताईंच्या सरकारचं खरं मोठं काम हेच, आणि नेमकं तेच लोक विसरतात.

शेवटी शेवटी सगळीकडून ताण आला. बसच्या अर्ध्या तिकिटासाठी विद्यार्थी रस्त्यावर, ट्रॉलरविरुद्ध रापणकार रस्त्यावर. त्यात पक्षातलेच दयानंद नार्वेकर, दिलखुश देसाई आणि शंकर लाड विरोधात गेले. १५ तून ३ गेले, उरले १२. अनुदानाच्या मागण्यांवर सरकार हरलं. पैशाची मागणी नामंजूर झाली की सरकारला घरी जावंच लागतं. पक्षांतरबंदी कायदा यायला अजून ६ वर्षं होती, तेव्हा त्या तिघांना कोण अडवणार?

राष्ट्रपती राजवट आली. जानेवारी १९८० मध्ये निवडणूक झाली आणि मगो ७ वर आला, अर्स काँग्रेस २० वर. प्रतापसिंह राणे मुख्यमंत्री झाले. पुढे ताई स्वतःच काही आमदारांना घेऊन काँग्रेसमध्ये गेल्या. हे मात्र आमच्याकडच्या जुन्या सिंहवाल्यांना पार झोंबलं. नंतर त्या परत आल्या, पण खेड्यातलं ते एकगठ्ठा मत काही परत आलं नाही.