स्क्रूवाले लॅपटॉप गेले कुठे?

लॅपटॉप बंद पडला की प्रश्न एकच: दुरुस्त करायचा की नवा घ्यायचा? खरं तर याचं अर्धं उत्तर तो विकत घेतला त्याच दिवशी ठरलेलं असतं.

२००५ च्या आसपासचा लॅपटॉप आठवा. खटका सरकवला की बॅटरी बाहेर. दोन-चार स्क्रू काढले की रॅम आणि २.५ इंची हार्ड डिस्क हातात. मापं ठरलेली, त्यामुळे दुसऱ्या कंपनीचा पार्टही चालायचा. भडगावसारख्या तालुक्याच्या गावातही काम होण्यासारखं होतं.

जानेवारी २००८ मध्ये स्टीव्ह जॉब्सने पाकिटातून मॅकबुक एअर काढला. दिसायला झकास, पण रॅम बोर्डावरच सोल्डर केलेली. २०१२ च्या रेटिना मॅकबुक प्रोमध्ये बॅटरीही चिकटवलेली. मग पातळ लॅपटॉपची लाटच आली. सॉकेटला जागा लागते हे खरंच आहे हो! पण आता एक चिप गेली तरी बहुतेक वेळा अख्खा मदरबोर्ड बदला, त्यासाठी जळगाव नाहीतर नाशिक गाठा. स्टोरेजही सोल्डर केलेलं असेल तर बॅकअप नसलेले फोटो गेलेच समजा.

डिसेंबर २०२२ मध्ये केंद्र सरकारने 'राइट टू रिपेअर' पोर्टल सुरू केलं. त्यावर माहिती मिळते, पण सोल्डर केलेली रॅम त्याने सुटी होत नाही.

म्हणून माझा हिशोब साधा आहे. स्क्रीन, कीबोर्ड, बॅटरी गेली तर दुरुस्ती. मदरबोर्डचा खर्च नव्याच्या निम्म्यावर गेला तर नवा. आणि नवा घेताना दुकानात पहिला प्रश्न, "रॅम आणि एसएसडी बदलता येते का?" प्रोसेसरचं नंतर बघू.