स्वसंरक्षणासाठी पिस्तूल की रिव्हॉल्व्हर? : परवाना, निवड आणि जबाबदारी

मुळशी तालुक्यातील मारुंजी हे गाव हिंजवडीच्या राजीव गांधी माहिती तंत्रज्ञान उद्यानाच्या कुशीत वसलेले आहे. दोन-अडीच दशकांपूर्वी येथे भातखाचरे होती. आज तेथे गृहसंकुले उभी आहेत. जमिनीच्या व्यवहारांतून आलेला पैसा, त्यातून उद्भवलेले वाद आणि रात्री-अपरात्री निर्मनुष्य रस्त्यांवरून होणारी ये-जा यांमुळे या पट्ट्यातील अनेकांच्या मनात स्वसंरक्षणासाठी शस्त्र बाळगण्याचा विचार येतो. त्याचबरोबर कमरेला लावलेले पिस्तूल ही 'गुंठामंत्र्यां'ची प्रतिष्ठेची खूणही बनली. परवडेल असे, ऐनवेळी दगा न देणारे आणि कपड्यांआड सहज मावणारे शस्त्र कोणते, हा प्रश्न त्यामुळे वारंवार विचारला जातो. त्याचे उत्तर मात्र शस्त्राच्या दुकानात नव्हे, तर कायद्यात सुरू होते.

परवाना हा हक्क नव्हे

भारतात शस्त्र बाळगणे हा मूलभूत हक्क नाही. सर्वोच्च न्यायालयाने फेब्रुवारी २०२३ मध्ये विनापरवाना शस्त्रांच्या प्रश्नाची स्वतःहून दखल घेताना अमेरिकेची घटना आणि आपली घटना यांतील हा फरक पुन्हा स्पष्ट केला. शस्त्र अधिनियम, १९५९ आणि शस्त्र नियम, २०१६ यांनुसार परवान्याशिवाय अग्निशस्त्र जवळ ठेवता येत नाही. अर्जदाराचे वय किमान २१ वर्षे असावे लागते. अर्जासोबत शारीरिक व मानसिक स्वास्थ्याचे वैद्यकीय प्रमाणपत्र द्यावे लागते, शस्त्र हाताळणीचे प्रशिक्षण घ्यावे लागते आणि आपल्या जीविताला धोका का आहे, हे पटवून द्यावे लागते. 'माझ्याकडे मालमत्ता आहे' किंवा 'रात्री उशिरा घरी येतो' एवढे कारण सहसा पुरेसे ठरत नाही. प्रत्यक्ष धमकी आली असल्यास तिची पोलिसांत झालेली नोंद, व्यवसायाचे स्वरूप, रोख रकमेची नियमित ने-आण अशा बाबी विचारात घेतल्या जातात.

ग्रामीण भागात परवाना देण्याचा अधिकार जिल्हाधिकाऱ्यांकडे, तर आयुक्तालयाच्या हद्दीत तो पोलिस आयुक्तांकडे असतो. पिंपरी-चिंचवड पोलिस आयुक्तालय १५ ऑगस्ट २०१८ रोजी सुरू झाले आणि हिंजवडी परिसर त्याच्या हद्दीत आला. म्हणजेच मारुंजी महसुली दृष्ट्या मुळशी तालुक्यात असले, तरी तेथील रहिवाशाला परवान्यासाठी आयुक्तालयाची पायरी चढावी लागते. स्थानिक पोलिस ठाण्याच्या चौकशी अहवालानंतरच निर्णय होतो. नियमांत मुदती घालून दिलेल्या असल्या, तरी प्रत्यक्षात काही महिने गृहीत धरलेले बरे. अर्ज नामंजूर झाल्यास अपिलाची तरतूद आहे.

२०१९ च्या दुरुस्तीने दोन महत्त्वाचे बदल केले. एका व्यक्तीला बाळगता येणाऱ्या शस्त्रांची कमाल संख्या तीनवरून दोनवर आली आणि परवान्याची मुदत तीन वर्षांवरून पाच वर्षे झाली. प्रत्येक परवानाधारकाची नोंद राष्ट्रीय शस्त्र परवाना माहितीसंचात होऊन त्याला विशिष्ट ओळख क्रमांक मिळतो.

कोणते बोअर, कोणते शस्त्र?

परदेशी संकेतस्थळांवर रोजच्या वापरासाठी म्हणून ज्या नऊ मिलिमीटर पिस्तुलांची शिफारस केलेली असते, ती भारतातील सामान्य नागरिकाच्या कामाची नाही. लष्कर व पोलिसांची नऊ मिलिमीटरची काडतुसे, तसेच .३८० व .४५५ ही काडतुसे ज्यांतून झाडता येतात, अशी पिस्तुले व रिव्हॉल्व्हर प्रतिबंधित वर्गात मोडतात. नागरिकासाठी व्यवहारात उरते ते .३२ बोअर आणि काही प्रमाणात .२२ बोअर. ऐंशीच्या दशकाच्या मध्यापासून खासगी वापरासाठी पिस्तुलांची आयात जवळपास बंद झाल्याने त्यापूर्वी आलेली परदेशी शस्त्रे हातोहात विकली जातात आणि त्यांच्या किमती गुणवत्तेपेक्षा दुर्मिळतेमुळे काही लाखांच्या घरात जातात. 'परवडणारे' या कसोटीवर ती बाद ठरतात.

स्वदेशी पर्यायांत सर्वांत रुळलेले शस्त्र म्हणजे आयुधनिर्माणीचे .३२ रिव्हॉल्व्हर. वेब्ली घराण्याच्या जुन्या आराखड्यावर बेतलेल्या या शस्त्रात सहा काडतुसे मावतात आणि ते वरच्या बाजूने मोडून भरावे लागते. कानपूरच्या आयुधनिर्माणीने जानेवारी २०१४ मध्ये 'निर्भीक' हे टायटॅनियम मिश्रधातूचे, सुमारे ५०० ग्रॅम वजनाचे .३२ रिव्हॉल्व्हर आणले. डिसेंबर २०१२ च्या दिल्लीतील अत्याचारानंतर महिलांसाठीचे शस्त्र म्हणून त्याचा गाजावाजा झाला. परंतु त्यावेळची त्याची किंमत सुमारे १ लाख २२ हजार रुपये होती, ही बाब परवडण्याच्या दृष्टीने बोलकी आहे. इच्छापूर येथील रायफल निर्माणीचे 'निडर' हे .२२ बोअरचे रिव्हॉल्व्हर वजनाने केवळ २५० ग्रॅमच्या आसपास भरते. मात्र त्याची मारकक्षमता त्याच प्रमाणात कमी आहे.

आयुधनिर्माणी मंडळ १ ऑक्टोबर २०२१ रोजी विसर्जित होऊन सात सरकारी कंपन्या अस्तित्वात आल्या. शस्त्रनिर्मितीचा भाग कानपूरच्या 'ॲडव्हान्स्ड वेपन्स अँड इक्विपमेंट इंडिया लिमिटेड'कडे गेला. या कंपनीने ऑगस्ट २०२३ मध्ये 'प्रबल' हे सुमारे ७०० ग्रॅमचे .३२ रिव्हॉल्व्हर बाजारात आणले. त्याचे सिलिंडर बाजूला उघडते, त्यामुळे काडतुसे भरणे सोपे जाते. त्याचा पल्ला ५० मीटर असल्याची जाहिरात झाली. स्वसंरक्षणाचा प्रसंग बहुधा काही पावलांच्या अंतरावर घडतो, हे लक्षात घेता खरेदीदाराने पल्ल्याच्या आकड्याने भारावून जाण्याचे कारण नाही.

पिस्तुलाच्या गटात आयुधनिर्माणीचे .३२ 'अशनी' उपलब्ध आहे. येथे एक तांत्रिक बाब ध्यानात ठेवावी लागते. रिव्हॉल्व्हर आणि पिस्तूल ही दोन्ही .३२ बोअरची असली, तरी त्यांची काडतुसे एक नव्हेत. रिव्हॉल्व्हरचे काडतूस लांब आणि बुडाशी कडा असलेले असते, तर पिस्तुलाचे 'एसीपी' प्रकारचे काडतूस आखूड असते. परवान्यावरील नोंद आणि दुकानातील खरेदी यांत त्यामुळे गल्लत होता कामा नये.

विश्वासार्हता कशात?

पिस्तूल सपाट असते, कपड्यांआड चांगले लपते आणि मॅगझीन बदलून पुन्हा चटकन भरता येते. परंतु त्याचे कार्य काडतुसाच्या जोरावर अवलंबून असते. काडतूस दमट किंवा जुने असेल, मॅगझीनची स्प्रिंग सैल झाली असेल किंवा पकड ढिली असेल, तर रिकामे कवच अडकून शस्त्र बंद पडू शकते. अशा वेळी ते मोकळे करण्यासाठी दोन्ही हात आणि पुरेसा सराव लागतो. रिव्हॉल्व्हरमध्ये एखादे काडतूस फुटले नाही, तर चाप पुन्हा ओढताच पुढचे काडतूस नळीसमोर येते. क्वचित सराव करणाऱ्या नागरिकासाठी रिव्हॉल्व्हरच अधिक भरवशाचे मानले जाते, ते याच कारणाने. जाड सिलिंडरमुळे ते लपवणे किंचित अवघड जाते, हा त्याचा उणेपणा.

वापरलेले शस्त्र रीतसर परवानगीने विकत घेताना नळीच्या आतील गंज, सिलिंडरचा सैलपणा, चाप ओढल्यावर ते जागच्या जागी घट्ट बसते की नाही आणि सुट्या भागांवरील क्रमांक जुळतात की नाही, हे जाणकाराकडून तपासून घ्यावे. चाचणीचा शिक्का नसलेले शस्त्र घेऊ नये. मुळशीचा पाऊस आणि अंगावरचा घाम हे पोलादाचे मोठे शत्रू. पावसाळ्यात शस्त्र आठवड्यातून एकदा तरी पुसून तेलाचा पातळ हात द्यावा आणि काडतुसे चामड्याच्या पट्ट्यात न ठेवता कोरड्या डबीत ठेवावीत. चामड्याच्या सान्निध्यात पितळेवर हिरवट थर चढतो.

काडतुसांच्या बाबतीत पुणेकरांना दूर पाहावे लागत नाही. खडकीचा दारूगोळा कारखाना १८६९ पासूनचा आहे. तेथे तयार झालेल्या काडतुसांच्या बुडावर 'केएफ' ही अक्षरे असतात. ती 'किरकी फॅक्टरी' या जुन्या नावाची आद्याक्षरे होत. आता हा कारखाना पुण्यातच मुख्यालय असलेल्या 'म्युनिशन्स इंडिया लिमिटेड'च्या अखत्यारीत आहे. काडतुसे किती घ्यावीत, यावर परवान्यानेच मर्यादा घातलेली असते आणि प्रत्येक खरेदीची नोंद होते.

खर्चाचा हिशेब

छापील किंमत हा खर्चाचा एक भाग झाला. २२ सप्टेंबर २०२५ पासून रिव्हॉल्व्हर व पिस्तुलांवरील वस्तू व सेवा कर २८ टक्क्यांवरून ४० टक्के झाला. त्यात चाप पूर्ण झाकणारे चांगले म्यान, भिंतीत पक्की बसवलेली तिजोरी, प्रशिक्षण आणि सरावाचा खर्च धरावा लागतो. शासकीय शुल्क त्या मानाने किरकोळ असते.

या खर्चाला फाटा देण्यासाठी 'गावठी कट्ट्या'कडे वळणारे आपला जीव आणि स्वातंत्र्य दोन्ही पणाला लावतात. मध्य प्रदेशातील बडवानी जिल्ह्यातील, महाराष्ट्राच्या सीमेवरील उमरटी हे गाव अशा शस्त्रांसाठी कुप्रसिद्ध आहे. नोव्हेंबर २०२५ मध्ये पुणे पोलिसांनी तेथे छापा घालून शस्त्रे घडवणाऱ्या भट्ट्या उद्ध्वस्त केल्या. कट्ट्याची नळी कोणत्याही चाचणीतून गेलेली नसते. ती वापरणाऱ्याच्याच हातात फुटू शकते. विनापरवाना अग्निशस्त्र बाळगल्यास किमान दोन ते कमाल पाच वर्षे कारावास आणि दंड अशी शिक्षा आहे.

बाळगताना

शस्त्र लपवून बाळगणे ही भारतात परवानाधारकाची हौस नाही, तर नियमाचीच अट आहे. सार्वजनिक ठिकाणी पिस्तूल किंवा रिव्हॉल्व्हर अंगावरील म्यानात अथवा तत्सम पिशवीत, पूर्ण झाकलेले आणि धारकाच्या ताब्यात असले पाहिजे. ते दाखवत फिरणे अथवा परजणे निषिद्ध आहे. लग्नाच्या वरातीत वा मिरवणुकीत हवेत गोळीबार करून इतरांचा जीव धोक्यात घालणाऱ्यास दोन वर्षांपर्यंत कैद, एक लाख रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही होऊ शकतात. परवान्याच्या अटींचा भंग हा स्वतंत्र गुन्हा आहे आणि परवाना निलंबित वा रद्द करण्याचा अधिकार प्राधिकाऱ्यास आहे. बीड जिल्ह्यात डिसेंबर २०२४ मधील सरपंच हत्येनंतर बाराशेहून अधिक परवान्यांची फेरतपासणी सुरू झाली आणि अनेक परवाने रद्द झाले. निवडणुकीच्या काळातही छाननीनंतर शस्त्रे पोलिसांकडे जमा करण्याचा आदेश निघू शकतो.

नोकरदारासमोर आणखी एक व्यावहारिक अडचण असते. आयटी कंपन्यांची आवारे, मॉल, चित्रपटगृहे यांच्या प्रवेशद्वारी तपासणी होते आणि शस्त्रासह आत प्रवेश मिळत नाही. मग ते दिवसभर मोटारीच्या कप्प्यात पडून राहते आणि चोराच्या हाती लागण्याचा धोका उभा राहतो. शस्त्र हरवले वा चोरीस गेले, तर पोलिसांना तत्काळ कळवणे बंधनकारक आहे. ज्याचा दिवस अशा आवारांतच जातो, त्याला रोज शस्त्र बाळगणे जवळपास अशक्य आहे, हे अर्ज करण्यापूर्वीच जाणून घेणे हिताचे.

गोळी झाडण्यापूर्वी आणि नंतर

स्वसंरक्षणाचा अधिकार भारतीय न्याय संहितेच्या कलम ३४ ते ४४ मध्ये दिलेला आहे. ही संहिता १ जुलै २०२४ पासून लागू झाली. त्यापूर्वी हेच तत्त्व भारतीय दंड संहितेत होते. मृत्यू किंवा जबर दुखापतीची वाजवी भीती, बलात्कार, अपहरण अशा ठरावीक प्रसंगांत हल्लेखोराचा जीव जाण्यापर्यंत हा अधिकार पोहोचतो. मात्र आवश्यकतेपेक्षा अधिक इजा करता येत नाही आणि पोलिसांची मदत घेण्याइतका अवधी असेल, तर हा अधिकार उरत नाही. बांधावरची बाचाबाची, वाहन लावण्यावरून झालेले भांडण किंवा पाठमोरा पळणारा चोर यांच्यावर गोळी झाडणारा स्वतःच आरोपी ठरण्याचा संभव मोठा असतो. परवाना जवळ होता, हा तेथे बचाव होत नाही.

घरातील धोकाही दुर्लक्षून चालणार नाही. अमेरिकेत १९९३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका गाजलेल्या अभ्यासात बंदूक असलेल्या घरांत हत्येचा धोका २.७ पट अधिक आढळला होता आणि त्यात बहुतांशी कुटुंबीय किंवा परिचितच गुंतलेले होते. तेथील आणि येथील परिस्थिती वेगळी असली, तरी संतापाचा झटका, नैराश्य, मद्य आणि मुलांचे कुतूहल आपल्या घरांतही असतेच. म्हणून घरी आल्यावर शस्त्र रिकामे करून कुलपात ठेवावे आणि काडतुसे वेगळ्या ठिकाणी ठेवावीत. किल्ली कोठे असते, हे मुलांना ठाऊक नसावे.

या सर्वांचा विचार करता, ज्याला खरोखरच नोंद झालेला, सातत्याचा धोका आहे आणि ज्याच्याकडे नियमित सरावाची तयारी आहे, त्याच्यासाठी रीतसर परवान्यावर घेतलेले नवे स्वदेशी .३२ रिव्हॉल्व्हर हा सर्वांत वाजवी आणि भरवशाचा पर्याय ठरतो. बाकीच्यांनी तोच पैसा घराचे भक्कम दार, कॅमेरे, रस्त्यावरचे दिवे आणि सोसायटीचा प्रशिक्षित पहारेकरी यांवर खर्च करणे अधिक श्रेयस्कर. जमिनीच्या वादात धमकी आल्यास प्रथम तिची लेखी नोंद पोलिस ठाण्यात करावी. प्रत्यक्ष संकटात ११२ हा क्रमांक कोणत्याही परवान्याविना उपलब्ध आहे. आणि पुढे परवान्यासाठी अर्ज करण्याची वेळ आलीच, तर ठाण्यातील ती नोंदच अर्जाचा सर्वांत भक्कम आधार ठरते.