उतरत्या विमानाची अदृश्य वाट

चिकलठाण्याच्या धांवपट्टीचें नांव निघालें कीं २६ एप्रिल १९९३ चा दिवस आठवतो. मुंबईस निघालेल्या इंडियन एअरलाइन्सच्या बोइंग ७३७ चें डावें चाक, पट्टीपलीकडील बीड रस्त्यावरून कापसाच्या गाठी घेऊन चाललेल्या मालमोटारीस लागलें. पुढें विजेच्या तारांत सांपडून विमान कोसळलें. ११८ पैकीं ५५ माणसें गेलीं. वैमानिकांस दोष देऊन प्रकरण मिटविणें सोपें होतें; परंतु चौकशींत रस्त्यावरील रहदारी न रोखल्याचाहि दोष निघाला.

मालमोटार निदान डोळ्यांस दिसते. विमानास उतरण्याची वाट दाखविणाऱ्या रेडिओलहरींच्या आड येणारी वस्तु मात्र स्पर्श न करतांहि घात करूं शकते. पट्टीच्या दूरच्या टोकापलीकडे एरियलची रांग असते. तिच्या लहरींवर सेकंदास ९० व १५० कंपनांचे दोन सूर असतात. डावीकडे पहिला प्रबळ, उजवीकडे दुसरा, आणि दोन्ही समान तेथें मध्यरेषा. मोठ्या विमानाचें शेपूट म्हणजे धातूची उभी भिंतच! तिच्यावरून लहरी उलटल्या कीं मध्यरेषाच जणूं बाजूस सरकते.

म्यूनिक येथें ३ नोव्हेंबर २०११ रोजीं असेंच घडलें. पुढचें विमान, तें कांहीं फार मोठेंहि नव्हे, उड्डाण करीत संकेतांच्या आड आलें. मागून यंत्राच्या भरंवशावर उतरणारें सिंगापूर एअरलाइन्सचें बोइंग ७७७ डावीकडे पट्टीबाहेर गेलें, आणि मग उलट वळून, पट्टी ओलांडून उजवीकडच्या गवतांत थांबलें. सुदैवानें कोणास इजा झाली नाहीं. दाट धुक्यांत हें संकेतक्षेत्र मोकळें ठेवण्याचा नियम आहे. त्या दिवशीं हवा तितकी वाईट नव्हती, म्हणून तो लागू केलेला नव्हता.