तेरा भागांची मुदत

एखाद्या मालिकेची ख्याती सर्वतोमुखी झालेली असावी, आपण तिचे दोन-चार भाग पाहावेत, मन मात्र तीत रमू नये, आणि मग पुढे पाहत राहावे की तेथेच रामराम ठोकावा, असा पेच आज ज्याच्यापुढे पडतो त्याला त्याचा निवाडा एकट्यानेच करावा लागतो. परंतु चाळीस वर्षांपूर्वी, दूरदर्शन हाच देशाचा एकमेव पडदा असताना, हा निवाडा सरकारी दप्तर, प्रायोजक आणि प्रेक्षक या तिघांत वाटलेला होता, आणि त्याला एक ठरीव मुदत असे. ती मुदत तेरा भागांची. मालिकेला मंजुरी मिळे ती बहुधा तेवढ्यापुरतीच. लोकांनी ती उचलून धरली तर मुदतवाढीचा हुकूम निघे. रामानंद सागर यांचे ‘रामायण’ १९८७ च्या जानेवारीत सुरू झाले ते ५२ भागांच्या बोलीने, आणि मुदतवाढी मिळत मिळत ७८ भागांवर जाऊन थांबले.

तुकड्यातुकड्याने येणाऱ्या कथेला असा धीराने अवसर देण्याची सवय मराठी वाचकाला तर त्याच्याही शंभर वर्षे आधीपासूनची. हरिभाऊ आपट्यांची ‘पण लक्षात कोण घेतो’ ही कादंबरी १८९० मध्ये निघालेल्या ‘करमणूक’ साप्ताहिकातून क्रमशः येई, आणि तिची नायिका यमू हिचे पुढे काय झाले हे पुढचा अंक हाती पडेपर्यंत कोणालाच कळत नसे.

तेरा भागांच्या या मुदतीचे खरे मोल ‘हम लोग’ या मालिकेच्या इतिहासात दिसते. तत्कालीन नभोवाणीमंत्री आणि विदर्भातून लोकसभेत गेलेले वसंतराव साठे यांच्या मेक्सिकोच्या दौऱ्यातून या मालिकेची कल्पना निघाली. त्या देशात मिगेल साबीदो यांनी मनोरंजनातून लोकशिक्षण करणाऱ्या मालिकांचा पायंडा आधीच पाडला होता. लेखन मनोहर श्याम जोशी यांचे, दिग्दर्शन पी. कुमार वासुदेव यांचे, आणि पहिला भाग ७ जुलै १९८४ रोजी लागला. आरंभीच्या भागांत कुटुंबनियोजनाचा उपदेश इतका उघड आणि इतका जड होता की प्रेक्षकांना तो रुचेना. सरकारने आपल्याला शाळेत बसवले आहे ही भावना कोणत्याही सुबुद्ध माणसाला फार काळ सहन होत नाही, आणि होऊही नये. परंतु प्रेक्षकांनी पाठ फिरवली नाही आणि कर्त्यांनीही हट्ट धरला नाही. तेरा भागांनंतर उपदेशाची मात्रा उतरली व कथा त्या घरातल्या माणसांकडे वळली: दारूपायी संसाराची धूळधाण करणारा बसेसर राम, नटी होण्याच्या ध्यासाने मुंबईस पळून जाणारी मझली, आणि घरच्या विवंचनांत लग्न लांबलेली बडकी. प्रत्येक भागाच्या अखेरीस अशोककुमार पडद्यावर येत आणि घडलेल्या प्रसंगावर, घरातल्या वडीलधाऱ्याने बोलावे तसे, प्रेक्षकांशी चार शब्द बोलत. सतरा महिन्यांत सुमारे ४ लाख पत्रे आली. ज्या मालिकेला आज आपण या प्रकाराची जननी मानतो, ती पहिल्या तीन-चार भागांवरच निकालात निघाली असती तर आपल्याकडील कौटुंबिक मालिकांचा इतिहास निराळा झाला असता, असे मला निश्चितपणे वाटते.

तथापि, सोडून द्यावेसे वाटण्याचे कारण प्रत्येक वेळी कंटाळा हेच नसते. भीष्म साहनी यांच्या कादंबरीवरून गोविंद निहलानी यांनी केलेली ‘तमस’ ही मालिका १९८८ च्या जानेवारीत दाखवली जाऊ लागली, आणि तिच्या आरंभीच ओम पुरी यांचा नथ्थू, ठेकेदाराने घातलेल्या भुलीला बळी पडून, अंधाऱ्या कोठडीत रात्रभर एका डुकराशी झुंजतो. तो प्रसंग कॅमेरा आवरता घेत नाही. घामाने निथळणारा, घाबरलेला, एका जनावरापुढे हतबल झालेला माणूस दिसत राहतो, आणि सकाळी तेच डुक्कर मशिदीच्या पायरीवर टाकलेले आढळते. येथे उठून जावेसे वाटणे अगदी साहजिक आहे, आणि ज्यांना ते असह्य झाले त्यांना मी मुळीच दोष देत नाही.

‘तमस’विरुद्ध एका नागरिकाने, जातीय तेढ वाढेल या भयाने, मुंबई उच्च न्यायालयात अर्ज गुदरला व एकल न्यायाधीशांनी प्रक्षेपणास तात्पुरती मनाई केली. प्रकरण खंडपीठापुढे गेले तेव्हा न्यायमूर्ती लेंटिन आणि न्यायमूर्ती सुजाता मनोहर यांनी जे केले ते मला या सबंध इतिहासातील सर्वांत आदरणीय कृत्य वाटते: त्यांनी आधी ती मालिका, शेवटच्या भागापर्यंत, स्वतः पाहिली. अर्जदाराची कैफियत खोटी नव्हती, भयही निराधार नव्हते. पण त्या डुकराच्या रात्रीतून सुरू झालेली कथा दंगल पेटवणाऱ्यांचा बुरखा फाडते आणि होरपळणाऱ्या शीख, हिंदू, मुसलमान अशा सर्वांच्या बाजूने उभी राहते, हे पहिल्या भागावरून कोणालाही कळण्याजोगे नव्हते. मनाई उठली. वाद सर्वोच्च न्यायालयात गेला, तेथे १६ फेब्रुवारी १९८८ रोजी अर्ज फेटाळला गेला, आणि त्या निकालात उच्च न्यायालयाच्या दोन अनुभवी न्यायाधीशांनी मालिका समग्र पाहून बनवलेल्या मतालाच वजन देण्यात आले.