ट्रॅक्टरला किती वजनाची ट्रॉली जोडावी? उसाच्या डबल ट्रॉलीचा हिशेब समजून घ्या

दिवाळीच्या आसपास साखर कारखान्यांचा गळीत हंगाम सुरू झाला की अहिल्यानगर जिल्ह्यातल्या तिसगावमधली रहदारी बदलते. पाथर्डी तालुक्यातलं हे गाव कल्याण-निर्मल राष्ट्रीय महामार्गावर आहे. वृद्धेश्वर सहकारी साखर कारखाना याच तालुक्यात आदिनाथनगरला आहे. त्यामुळे हंगामभर उसाने भरलेले ट्रॅक्टर रस्त्यावर दिसतात, आणि अनेकदा एका ट्रॅक्टरमागे दोन ट्रॉल्या असतात. पाथर्डी तालुका ऊसतोड मजुरांचाही आहे. इथली कितीतरी कुटुंबं याच दिवसांत भांडीकुंडी आणि लेकरांसह ट्रॉलीत बसून पश्चिम महाराष्ट्रात किंवा कर्नाटकात जातात.

ट्रॅक्टर घेताना सगळ्यांत आधी एकच प्रश्न विचारला जातो, 'किती टन ओढतो?' पण तेवढंच वजन तो थांबवू शकतो का, हे फारसं कुणी विचारत नाही. या दोन प्रश्नांची उत्तरं वेगळी आहेत आणि ट्रॉलीचं वजन दुसऱ्या उत्तरावर ठरायला हवं. ते का, हे समजून घेऊया.

एचपी जास्त म्हणजे जास्त वजन झेपतं का?

इंजिनाचा एचपी म्हणजे काम किती वेगाने होईल याचं माप. ५० एचपीचा ट्रॅक्टर ४० एचपीच्या ट्रॅक्टरपेक्षा तेच वजन जास्त वेगाने चढावर नेईल. पण खालच्या गिअरमध्ये दोन्ही इंजिनं एवढा जोर देतात की इंजिन बंद पडण्याआधी मागची चाकं जागेवर फिरू लागतात. म्हणजे ओढण्याची खरी मर्यादा टायर आणि रस्ता यांच्या पकडीवर ठरते. ही पकड मागच्या चाकांवर किती वजन आहे यावर अवलंबून असते. म्हणूनच मागच्या चाकांना लोखंडी वजनं लावतात किंवा टायरमध्ये पाणी भरतात.

आणखी एक गोंधळ नेहमी होतो. माहितीपत्रकात 'लिफ्ट क्षमता' म्हणून दीड-दोन हजार किलोचा आकडा असतो. हायड्रॉलिक नांगर, रोटाव्हेटरसारखी अवजारं किती वजनापर्यंत उचलेल, एवढंच तो सांगतो. ट्रॉलीशी त्याचा संबंध नाही.

ट्रॅक्टरची ओढ पाहायची असेल तर ड्रॉबार चाचणीचा आकडा पाहावा. मध्य प्रदेशातल्या बुदनी इथे केंद्र सरकारची कृषी यंत्रं तपासणारी संस्था आहे. तिथल्या चाचणी अहवालात ट्रॅक्टरची ड्रॉबारवरची कमाल ओढ आणि ब्रेकच्या चाचणीचे निकाल दिलेले असतात. विक्रेत्याकडे हा अहवाल मागता येतो.

डबल ट्रॉलीचं एकूण वजन किती होतं?

एक उदाहरण घेऊ. वजनं लावलेला ट्रॅक्टर अडीच टनांचा. रिकामी ट्रॉली पावणेदोन टनांची, म्हणजे दोन ट्रॉल्या साडेतीन टन. प्रत्येकीत आठ टन ऊस, म्हणजे १६ टन. एकूण २२ टन. ट्रॅक्टरच्या मागे असलेलं वजन साडेएकोणीस टन, म्हणजे ट्रॅक्टरच्या जवळपास आठपट.

सपाट डांबरी रस्त्यावर हे वजन चालतं ठेवायला फारसा जोर लागत नाही. चाकांचा विरोध वजनाच्या दोन टक्के धरला तर साधारण ४४० किलोचा जोर पुरतो. त्यामुळे सपाटीवर 'आरामात ओढतो' असं वाटतं आणि ते खरंही असतं.

चढ आला की हिशेब बदलतो. २० मीटर चालल्यावर एक मीटर चढणारा रस्ता धरला, तर २२ टनांचा विसावा हिस्सा, म्हणजे १,१०० किलोचा जोर मागे खेचतो. त्यात आधीचे ४४० किलो मिळवले की दीड टनाहून अधिक ओढ लागते. अडीच टनांचा ट्रॅक्टर ती जेमतेम देऊ शकतो. कारण चढावर ट्रॉली मागे खेचते तेव्हा ट्रॅक्टरचा भार पुढच्या चाकांवरून मागच्या चाकांवर सरकतो आणि मागची पकड वाढते. पण त्याच वेळी पुढची चाकं हलकी होतात. भरलेल्या ट्रॉल्या ओढताना ट्रॅक्टरचं तोंड उचलतं ते यामुळेच. पुढची चाकं रस्त्याला नीट टेकली नसतील तर स्टिअरिंग फिरवूनही ट्रॅक्टर वळत नाही.

मग उतारावर काय होतं?

उतारावर हेच सगळं उलट घडतं. ट्रॉली मागून ढकलते, भार पुढच्या चाकांकडे सरकतो आणि मागची चाकं हलकी होतात. आपल्याकडच्या बहुतेक ट्रॅक्टरना ब्रेक फक्त मागच्या चाकांना असतो आणि ट्रॉलीला बहुधा ब्रेकच नसतो. म्हणजे २२ टन थांबवण्याचं काम दोन चाकांवर येतं आणि नेमक्या त्याच वेळी त्यांची पकड घटलेली असते. त्यामुळे ट्रॅक्टर चढ चढला म्हणजे तो तोच चढ सुरक्षित उतरेलही, असं समजू नये.

आकड्यांत पाहू. कोरड्या डांबरी रस्त्यावर मागची दोन चाकं मिळून एक टनाचा ब्रेक-जोर देतात असं धरू. वेग ताशी २५ किलोमीटर. ब्रेक दाबल्यापासून थांबेपर्यंतचं अंतर साधारण असं येतं:

- नुसता ट्रॅक्टर, सपाट रस्ता: ६ मीटर
- एक भरलेली ट्रॉली, सपाट रस्ता: २४ मीटर
- दोन भरलेल्या ट्रॉल्या, सपाट रस्ता: ३८ मीटर
- एक भरलेली ट्रॉली, २० मीटरला एक मीटर उतार: ४८ मीटर
- दोन भरलेल्या ट्रॉल्या, तोच उतार: सुमारे १६० मीटर

हा कागदावरचा हिशेब आहे. टायर, ब्रेक, रस्त्यावरची माती किंवा ओल यांनुसार आकडे बदलतील. पण त्यातला फरक बोलका आहे. दुसरी ट्रॉली जोडल्यावर एकूण वजन दुपटीहूनही कमी वाढलं, पण उतारावरचं थांबण्याचं अंतर तिपटीहून जास्त झालं. उतार आणखी तीव्र, म्हणजे १५ मीटरला एक मीटर असेल, तर उतारामुळे पुढे ढकलणारा जोर ब्रेकच्या जोराहून मोठा होतो. मग पेडल पूर्ण दाबूनही गाडी थांबत नाही.

तिसगावहून नगरकडे जाताना गर्भगिरीच्या डोंगरातला करंजी घाट लागतो. ज्यांचा ऊस घाटातून जात नाही त्यांच्याही वाटेत ओढ्याचा पूल, कालव्याचा चढ किंवा गावात शिरणारा उतार असतोच.

दोन चाकी आणि चार चाकी ट्रॉलीत फरक काय?

चार चाकी ट्रॉलीचं वजन तिच्याच चाकांवर असतं, ट्रॅक्टरच्या हुकावर भार जवळपास येत नाही. दोन चाकी ट्रॉली मात्र आपला काही भार दांड्यावाटे ट्रॅक्टरवर टाकते. माल पुढच्या बाजूला जास्त भरला तर ट्रॅक्टरचं तोंड उचलतं. मागे जास्त भरला तर दांडा हुकाला वर उचलतो, मागच्या चाकांची पकड कमी होते आणि ट्रॉली डुलायला लागते. अमेरिकेत पिकअपमागे राहण्याची ट्रॉली जोडून फिरणाऱ्यांनाही हेच शिकवलं जातं. ट्रॉलीच्या एकूण वजनाचा साधारण १० ते १५ टक्के भार हुकावर यावा, असा तिथला दंडक आहे.

तिथल्या ट्रॅक्टर आणि अवजारांच्या पुस्तिकांमध्ये आणखी एक नियम आढळतो. ब्रेक नसलेलं मागचं वजन ट्रॅक्टरच्या वजनाच्या दीडपटीहून जास्त नसावं. अडीच टनांच्या ट्रॅक्टरला हा नियम लावला तर पावणेचार टन येतात. वरच्या उदाहरणात मागे साडेएकोणीस टन होते.

तरीही डबल ट्रॉली का जोडतात?

कारण पैसे टनावर मिळतात. ऊस वाहतुकीचा दर टन आणि अंतरावर ठरतो. एका ट्रॉलीत काय किंवा दोनांत काय, चालक एकच लागतो आणि कारखान्याच्या अंगणात नंबर लागायला तेवढाच वेळ जातो. डिझेलही दुप्पट लागत नाही. ट्रॅक्टरचा हप्ता आणि टोळीला दिलेली उचल हंगामातच वसूल करायची असते. दुसऱ्या ट्रॉलीचा फायदा दर खेपेला हातात येतो, तर तिचा धोका एखाद्याच खेपेला समोर येतो. त्यामुळे जास्त भरणारा प्रत्येक जण बेपर्वाच असतो असं नाही.

कायदा काय सांगतो?

ट्रॉलीची नोंदणी ट्रॅक्टरपासून वेगळी असते. तिच्या आरसीवर रिकामं वजन आणि भरल्यानंतरचं कमाल वजन लिहिलेलं असतं. मोटार वाहन कायद्याच्या कलम १९४ मध्ये २०१९ साली दुरुस्ती झाली. त्यानुसार मर्यादेपेक्षा जास्त माल नेल्यास २०,००० रुपये दंड आणि वरच्या प्रत्येक टनामागे २,००० रुपये अशी तरतूद आहे. जादा माल उतरवल्याशिवाय वाहन पुढे नेता येत नाही. माल ट्रॉलीच्या बाजूंनी किंवा उंचीने मर्यादेबाहेर गेला तर त्यालाही वेगळा दंड आहे.

ट्रॉली मालासाठी असते, माणसांसाठी नाही. उसाच्या भाऱ्यांवर किंवा सामानावर बसलेल्यांना धरायला काही नसतं. ट्रॉली कलंडली तर ते मालाखाली सापडतात.

आपल्या ट्रॅक्टरला किती झेपतं, हे कसं ठरवायचं?

१. कारखान्याच्या काट्याची पावती पाहा. तिच्यावर भरलेलं, रिकामं आणि निव्वळ वजन असतं. अंदाजापेक्षा ही पावती खात्रीची. तिच्यावरचं वजन आरसीतल्या मर्यादेशी ताडून बघा.

२. ट्रॅक्टरच्या पुस्तिकेत ट्रॉलीसाठी दिलेली मर्यादा शोधा. आरसी आणि पुस्तिका यांतला लहान आकडा आपला समजा.

३. वाटेतला सगळ्यांत तीव्र उतार लक्षात घ्या. वजन सपाट रस्त्यावर नाही, त्या उतारावर ठरवा. ब्रेक असलेली ट्रॉली मिळत असेल तर तीच घ्या.

४. दांडा खालच्या ड्रॉबारलाच जोडा. जोड जितका उंच, तितका ट्रॅक्टर मागे उलटण्याचा धोका जास्त. पिनला लॉक आणि सोबत साखळी हवीच.

५. रस्त्यावर येण्याआधी डावं आणि उजवं ब्रेक पेडल कडीने एकत्र जोडा. एकाच बाजूचा ब्रेक लागला तर ट्रॅक्टर आडवा होतो.

६. उतार लागण्याआधीच खालच्या गिअरमध्ये या. डिझेल वाचवायला न्यूट्रल करू नका, कारण तेव्हा इंजिनाची रोखून धरण्याची मदत जाते. उतारावर क्लचही दाबून ठेवू नका.

७. वेग कमी ठेवा. थांबण्याचं अंतर वेगाच्या वर्गाप्रमाणे वाढतं. वरच्या उदाहरणातली डबल ट्रॉली २५ ऐवजी ताशी १५ किलोमीटरने उतरली, तर १६० मीटरऐवजी साधारण ५७ मीटरमध्ये थांबेल.

८. ट्रॉलीचे टायर, मागचे दिवे आणि रिफ्लेक्टर रोज तपासा. अंधारात मागून येणाऱ्या दुचाकीस्वाराला बंद दिव्यांची ट्रॉली फार उशिरा दिसते.

ट्रॅक्टर ट्रॉली ओढतो का, हे शेतातून बाहेर पडतानाच कळतं. ती थांबवतो का, हे मात्र उतारावर कळतं आणि तिथे वजन कमी करता येत नाही. म्हणून हा हिशेब ट्रॉली भरण्याआधीच करायचा असतो.